फॅरो बाजूला ठेवून इजिप्त वाचायचं कसं?

‘कुठंय ते? आण इकडे!’ असं बायकोवर खेकसू नकोस. ती घर नीट चालवते हे तुला ठाऊक आहे, आणि वस्तू तिनं जागच्या जागीच ठेवलेली असते.

हा सल्ला तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे. अनी नावाच्या इजिप्शियन लेखनिकाच्या नावावर एक उपदेशग्रंथ आहे, त्यात बाप मुलाला हे सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग जाणवलं की ज्या गावात नवरे खेकसत नाहीत, त्या गावात हे कुणी लिहून ठेवणार नाही. बापाला सांगायचं होतं आदर्श नवरा कसा असतो ते. सांगता सांगता तो बोलून गेला की खरे नवरे कसे असत.

प्राचीन इजिप्तचं साहित्य वाचायला बसलेल्या नवख्या माणसाला माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच. लेखकाला काय सांगायचंय ते एकदा वाचा आणि त्याच्या तोंडून काय निसटलं ते दुसऱ्यांदा वाचा. पिरॅमिड, ममी, देवदेवता पहिल्या वाचनात भेटतात. धान्याची कोठी, उधारी, जावा-नणंदांचे रुसवे दुसऱ्या वाचनात. ते दुसरं वाचन कसं करायचं, ते आता क्रमाने सांगतो.

पायरी १ : आधी एका गावात मुक्काम करा

‘प्राचीन इजिप्त’ हा शब्दच फसवा आहे. जुनं राज्य, मध्य राज्य, नवं राज्य हे तिथल्या इतिहासाचे तीन मोठे कालखंड धरले तर इ.स.पू. २७०० च्या आसपासपासून १०७० पर्यंतचा हा पसारा आहे. यातला कुठलाही तुकडा उचलून ‘इजिप्शियन लोक असं करायचे’ म्हणणं म्हणजे सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत सगळ्यांना एकाच पंगतीला बसवणं. म्हणून सुरुवातीला एकच गाव धरा. ते गाव म्हणजे दैर अल-मदीना.

आजच्या लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, टेकड्यांच्या खोबणीत ही वस्ती होती. ‘राजांच्या दरी’त फॅरोंची, म्हणजे इजिप्तच्या राजांची, थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर इथे बायकामुलांसह राहत. गावकुसाच्या आत साधारण ६८ घरं. विहीर नाही, त्यामुळे पाणी गाढवांवरून यायचं. इ.स.पू. १५०० ते १०७० या काळात हे गाव नांदलं. पगार सरकारी, धोबीसुद्धा सरकारी. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात इथे उत्खनन केलं. गावाच्या उत्तरेला एक भलाथोरला खड्डा आहे. पाण्यासाठी खणला असावा, पाणी काही लागलं नाही, मग तो उकिरडा झाला. त्या उकिरड्यात लिहिलेली हजारो खापरं आणि चुनखडीच्या कपच्या निघाल्या. पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, महाग; दगडाची कपची फुकट. त्यामुळे धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांपासून कोर्टातल्या भांडणापर्यंत सगळं या कपच्यांवर. धोब्याला वाचता येत नसेल म्हणून काही यादीत कपड्यांची चित्रंच काढलेली आहेत.

आणि याच गावातली पोरं शाळेचा धडा म्हणून त्याच कपच्यांवर जुन्या गोष्टी, जुने उपदेश गिरवत होती. साहित्य आणि संसार एकाच उकिरड्यात सापडावं, असं भाग्य जगात फार थोड्या गावांना लाभलंय.

लिपीचं दडपण घेऊ नका. देवळांवर कोरलेली चित्रलिपी म्हणजे हायरोग्लिफ. रोजच्या वापरातलं झरझर लिखाण हायरॅटिक. बाळबोध आणि मोडी यांच्यात जे नातं, साधारण तेच समजा. आपण अनुवादच वाचणार आहोत. इंग्रजीत मिरियम लिख्टहाइम यांचे तीन खंड नवख्यांसाठी अजूनही सगळ्यांत सोयीचे. एक छोटी अडचण मात्र येईल: या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे एकच नाव चार अभ्यासक चार प्रकारे लिहितात. गोंधळून जाऊ नका, शोधताना दोन-तीन स्पेलिंगं करून बघा.

पायरी २ : बोरू कुणाच्या हातात आहे?

लिहितावाचता येणारे फार थोडे होते, आणि जे होते ते बहुतेक लेखनिक किंवा अधिकारी. साहित्य त्यांनी लिहिलं, त्यांच्याच शाळांत ते गिरवलं गेलं. याचा सगळ्यांत मजेदार नमुना म्हणजे खेतीचा उपदेश. एक बाप आपल्या पेपी नावाच्या मुलाला नावेतून राजधानीच्या शाळेत घालायला निघालाय, आणि वाटेत एकेका धंद्याचे वाभाडे काढतोय. तांबटाची बोटं मगरीच्या कातड्यासारखी, आणि अंगाला माशाच्या गाभोळीपेक्षा वाईट वास. धोबी मगरीच्या शेजारी कपडे आपटतो. विणकर दिवसभर गुडघे छातीशी घेऊन कोंडलेला, जरा उजेड दिसावा म्हणून दारवानाला भाकरी चारतो. थोडक्यात, शिकला नाहीस तर असली कामं करशील. आपल्याकडच्या ‘ढोरं राखायला जाशील’ची ही साडेतीन-चार हजार वर्षं जुनी आवृत्ती.

हे वाचून ‘इजिप्तमध्ये कारागिरांचे हाल होते’ असं वहीत लिहू नका. ही लेखनिकांच्या धंद्याची जाहिरात आहे. वहीत काय लिहायचं? विणकामाच्या जागा बंदिस्त होत्या, दारावर माणूस असे, आणि त्याला काही दिल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. टिंगल करणारा माणूस टिंगलीत अतिशयोक्ती करतो, पण दार, दारवान आणि भाकरी तो हवेतून आणत नाही. ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटलं तरच विनोद लागतो.

पायरी ३ : मापं पाठ करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि लोक इथेच पळतात. दोनच मापं लक्षात ठेवा. धान्यासाठी ‘खार’, म्हणजे पोतं, सुमारे ७६-७७ लिटरचं. किमतीसाठी ‘देबेन’, म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम तांबं. नाणी नव्हती, देवघेव वस्तूंनी व्हायची, पण हिशेब देबेनमध्ये मांडत.

दैर अल-मदीनाच्या साध्या कारागिराला महिन्याला चार खार गहू आणि दीड खार जव मिळे. गव्हाची भाकरी, जवाची बीअर. आणि हा गहू कुठला? एमर, म्हणजे सांगली-साताऱ्याकडे पिकणारा आपला खपली. खपलीची खीर खाल्ली असेल तर फॅरोच्या कारागिराच्या पगारातलं मोठं पोतं तुमच्या ओळखीचं आहे.

बीअर म्हणजे व्यसन असं मात्र धरून चालू नका. भाकरी आणि बीअर हा रोजचा शिधा होता. ‘बोलका शेतकरी’ या मध्य राज्यातल्या कथेत खुनअनुप धान्य संपत आलं म्हणून बाजाराला निघतो, तेव्हा बायकोला कोठीतले जव मोजायला लावतो. वीस मापं तिला आणि पोरांना ठेवतो, सहा मापांची स्वतःसाठी भाकरी आणि बीअर करून दे म्हणतो. वाटेसाठी दशम्या बांधून घेणं आहे हे, दुसरं काही नाही.

पायरी ४ : एक गोष्ट घ्या, दोनदा वाचा

मी ‘दोन भाऊ’ सुचवेन. ज्या पपायरसवर ती सापडली तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एन्नाना नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १२०० च्या आसपास लिहिलेला. पुढे गोष्टीत बोलणाऱ्या गाई, झाडावर ठेवलेलं काळीज, पुनर्जन्म असं बरंच काही येतं. ते पहिल्या वाचनात मनसोक्त वाचा. दुसऱ्या वाचनात फक्त पहिली काही पानं घ्या आणि वहीत तीन रकाने पाडा: वस्तू कुठल्या, कोण कुणाला काय म्हणतं, आणि लेखकाने न सांगता काय गृहीत धरलंय. तिसरा रकाना सगळ्यांत मोठा ठेवा.

अनूबिस थोरला. त्याला घर आहे, बायको आहे. धाकटा बाटा त्याच्याकडे मुलासारखा राहतो, गुरांमागे जातो, नांगरतो, कापणी करतो. थोरला त्याला कपडे करतो. इथेच थांबा: धाकट्याला वाटा नाही, मजुरी नाही, अंगावर कपडा आणि पोटाला भाकरी. एकत्र कुटुंबातल्या बिनलग्नाच्या भावाची जागा लेखकाने दोन वाक्यांत दाखवली, आणि त्यात त्याला वावगं काही दिसत नाही.

पेरणीचे दिवस येतात. थोरला म्हणतो, बैल तयार ठेव, जमीन वर आलीय, नांगरायजोगी झालीय. ‘वर आलीय’ म्हणजे नाईलच्या पुरातून. आपला वाफसा पावसाच्या उघडिपीवर, त्यांचा पूर ओसरण्यावर. शेतात बी कमी पडतं आणि बाटा धावत घरी येतो. वहिनी केस विंचरून वेणी घालत बसलीय. तो म्हणतो, ऊठ, बी दे, दादा खोळंबलाय. ती म्हणते, जा, कोठी उघड आणि हवं तेवढं घे, माझी वेणी अर्धी सोडायला लावू नकोस.

या एका वाक्यावर मी अर्धा तास काढला होता. बी मागायचं ते वहिनीकडे. म्हणजे कोठी तिच्या ताब्यात. दीर स्वतःहून कोठीला हात लावत नाही, ती ‘जा, घे’ म्हणाल्यावरच जातो. ऐन पेरणीच्या दिवशी बाई शेतात नाही, घरी आहे. आणि वेणी इतकी वेळखाऊ की अर्धी सोडली तर सगळी पुन्हा घालावी लागेल. कुठल्याही राजाच्या शिलालेखात हे मिळणार नाही.

बाटा खांद्यावर ओझं घेऊन बाहेर येतो. ती विचारते, किती आहे? तो सांगतो, गहू तीन पोती, जव दोन पोती, एकूण पाच. आता पायरी ३ कामाला येते. पाच खार म्हणजे ३८० लिटरच्या वर. साध्या कारागिराचा महिन्याचा पगार साडेपाच खार, म्हणजे या गड्याने जवळजवळ महिन्याचा पगार एका खांद्यावर टाकला! दैर अल-मदीनाच्या कारागिराने हे ऐकलं असतं तर तो इथे हमखास हसला असता. आपल्याला माप ठाऊक नसेल तर आपण ‘पाच पोती’ वाचून पुढे जातो.

मग वहिनी त्याच्या ताकदीवर भाळते, त्याला जवळ बोलावते, वर म्हणते, तुला चांगले कपडे करून देईन. कपड्याचं मोल बघा, आमिष म्हणूनही कपडाच. तो चवताळतो: तू मला आईसारखी, तुझा नवरा मला बापासारखा. मराठी वाचकाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी थोरला घरी येतो. रोजच्यासारखं बायकोने हातावर पाणी घातलं नाही, दिवा लावला नाही, घर अंधारात, ती पडून आहे. लेखकाला फक्त दाखवायचं होतं की काहीतरी बिनसलंय. आपल्याला मात्र ‘रोजच्यासारखं’ हा शब्द मिळाला. दमून आलेल्या नवऱ्याच्या हातावर पाणी, आणि तिन्हीसांजेला दिवा. मोडलेल्या रीतीवरून न मोडलेली रीत कळते. अशा जागा शोधायची सवय लावून घ्या: ‘त्या दिवशी नाही’, ‘नेहमीप्रमाणे नाही’ असं जिथे दिसेल तिथे पेन्सिल फिरवा.

पायरी ५ : नात्यांचे शब्द जपून

प्रेमकवितांत प्रियकर प्रेयसीला ‘बहीण’ म्हणतो आणि ती त्याला ‘भाऊ’. दचकू नका. एका कवितेत पोरगा ठरवतो, आपण आजारी पडल्याचं सोंग करू, शेजारीपाजारी बघायला येतील, त्यांच्यात माझी ‘बहीण’ही येईल, आणि वैद्यांना लाजवेल, कारण माझा आजार तिलाच ठाऊक आहे. ‘सेनेत’ या शब्दाचा अर्थ बहीण, प्रेयसी, बायको असा पसरट आहे. ‘सेन’ तर सख्ख्या भावापासून कचेरीतल्या बरोबरीच्या माणसापर्यंत कुणालाही लागतो. आपल्याकडे पत्रात ‘रा. रा. बंधू’ लिहिणारे सगळे एका आईचे होते थोडेच?

पायरी ६ : उपदेशाशेजारी कागद ठेवा

नुसते पोवाडे वाचून पेशवाई कळत नाही, दफ्तरही चाळावं लागतं. इथेही तसंच. प्रत्येक उपदेशाला त्याच गावातला एखादा कागद जोडून वाचा. सुरुवात पुन्हा अनीपासून करू. तो मुलाला सांगतो: आईने तुला दिली त्याच्या दुप्पट भाकरी तिला दे. तिनं तुला वाहिलं, तीन वर्षं अंगावर पाजलं, शाळेत घातलं तेव्हा रोज घरची भाकरी आणि बीअर घेऊन ती वाट बघायची.

शेजारी नौनाख्तचं मृत्युपत्र ठेवा. ही दैर अल-मदीनाची बाई. पहिला नवरा गावचा लेखनिक, तिच्याहून पुष्कळ मोठा. तो गेल्यावर तिने एका कारागिराशी लग्न केलं, आठ मुलं झाली. पाचव्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी, इ.स.पू. ११४५ च्या सुमारास, ती गावच्या पंचांसमोर उभी राहिली. तिचं म्हणणं असं: मी फॅरोच्या देशातली स्वतंत्र बाई आहे. ही आठ पोरं मी वाढवली, त्यांच्या बरोबरीच्यांना मिळतं ते सगळं संसारासाठी दिलं. आता मी म्हातारी झाले आणि ती माझ्याकडे बघत नाहीत. ज्याने मला हात दिला त्याला माझ्यातलं मिळेल, ज्याने दिला नाही त्याला नाही.

चौघांची नावं तिने वगळली. केनहेरखेपशेफ नावाच्या एका मुलाला मात्र वाट्याशिवाय एक धातूचं हात धुण्याचं भांडं जास्तीचं दिलं. वगळलेल्यांना बापाच्या मालमत्तेतला हिस्सा होताच, तो तिच्या हातात नव्हता. म्हणजे बाईची मालमत्ता वेगळी, नवऱ्याची वेगळी, आणि तिच्यापुरतं ती कुणालाही नाही म्हणू शकत होती. हा कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

अनी एकटा वाचला तर वाटतं, काय मातृभक्त समाज! नौनाख्त एकटी वाचली तर वाटतं, काय कृतघ्न पोरं! दोन्ही शेजारी ठेवली की एक घर दिसतं, जिथे आईला सांभाळायचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि निम्म्यांनी सांभाळलं नव्हतं. आणखी एक गंमत: अनीच्या ग्रंथाच्या शेवटी मुलगा उलट उत्तर देतो, तुमच्यासारखं वागणं मला जमायचं नाही म्हणतो. उपदेशकानेच ही सोय ठेवलीय.

जोड्या अशा पुष्कळ लागतात. ‘बोलक्या शेतकऱ्या’त एक अधिकाऱ्याचा माणूस अरुंद वाटेवर मुद्दाम कापड पसरतो, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला त्याचे जव. गाढवाने घासभर जव खाल्ले एवढ्यावरून गाढवं जप्त. बांधावरून भांडलेल्या कुणालाही हा डाव नवीन नाही. शेतकरी न्यायासाठी नऊ भाषणं करतो आणि शेवटी जिंकतो. आता खऱ्या गावातला मेन्ना बघा. त्याने पोलिसांच्या नायकाला चरबीचं भांडं उधार दिलं, तिसऱ्या रामसेसच्या सतराव्या वर्षी. तो पंचांकडे गेला, पुन्हा गेला, पुन्हा गेला. चौथ्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी नायक अजून ‘आता नक्की देतो’ म्हणून शपथ घेत होता. कथेत न्यायाला नऊ भाषणं पुरतात, गावात एक राजवट पुरली नाही.

याच गावाने तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, पगाराचं धान्य थकल्यावर, काम सोडून देवळामागे ठिय्या दिला. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप. तो कागद इटलीत तुरीनला आहे.

घरगुती पत्रं हवी असतील तर थोडं मागे जाऊन हेकानख्त गाठा. मध्य राज्याच्या सुरुवातीचा हा शेतकरी परगावाहून घरी लिहितो: कुणाला किती धान्य मोजायचं, लाडक्या धाकट्या स्नेफ्रूला हवं ते करू द्या, आणि माझ्या नव्या बायकोशी नीट न वागणाऱ्या मोलकरणीला घराबाहेर काढा. सासुरवास, लाड, चिकटपणा, सगळं एका पुडक्यात.

कुठे पाय घसरतो

एक, विलापगीतांना बातमी समजणं. इपुवेर नावाच्या ऋषीचा विलाप आहे: जग उलटं झालं, जिला पाण्यात तोंड बघावं लागायचं तिच्याकडे आता आरसा आहे. क्रांती झाली असं यावरून ठरवू नका. आरसा चैनीची वस्तू होती एवढं घ्या.

दुसरी चूक आपली, मराठी वाचकांची खास. ओळखीचं दिसलं की आपण लगेच आपलं करून टाकतो. दैर अल-मदीनाच्या कारागिरांच्या गैरहजेरीच्या नोंदीत काही पुरुषांच्या नावापुढे कारण येतं: बायकोची किंवा मुलीची पाळी. झालं, ‘त्यांच्याकडेही विटाळ होता’ म्हणून आपण मोकळे. पण इथे कामावर न गेलेला पुरुष आहे, बाजूला बसवलेली बाई कुठे दिसत नाही. तो घरी राहिला एवढंच कागद सांगतो. तेवढंच लिहा.

पहिल्या दिवशी काय करायचं

ती गैरहजेरीची नोंदच उघडा. चुनखडीची मोठी कपची, ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर फोटोसकट आहे, क्रमांक ई.ए. ५६३४. दुसऱ्या रामसेसचं चाळिसावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. १२४० च्या आसपास. चाळीस कारागिरांची नावं, पुढे काळ्या शाईत तारखा, आणि तारखांच्या वर लाल शाईत कारणं. सेबाला विंचू चावला. हुयनेफरचे डोळे पुन्हा पुन्हा दुखतात. कुणी बीअर गाळतोय, कुणाची आई आजारी आहे. एकाच माणसाचं नाव धरा आणि त्याचं वर्षभराचं दुखणंखुपणं वहीत उतरवा. मी पाहेरीपेजेत धरला होता. त्याचं कारण बहुतेक वेळा सारखंच येतं, अमक्या आजाऱ्याजवळ औषधं करत होता. मग त्या त्या तारखेला आजारी कोण होतं, ते बाकीच्या एकोणचाळीस नावांत शोधत बसा.